दहावीचं आत्ताच विचारून घ्या
चौथीतल्या मुलीला डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण) निघालाय, पर्यायी शाळेत घालावं का असं विचारलंय तुम्ही, तर माझ्या लेकाचं सांगते. आम्ही त्याला सहावीत हलवलं, खरं तर उशीरच केला, आधीच्या शाळेत रोज वही लाल होऊन यायची आणि सकाळी पोट दुखतंय म्हणून तो रडायचा आणि आम्हाला वाटायचं आळस करतोय. अजून आठवलं की गलबलून येतं.

शाळा बघायला जाल तेव्हा बिल्डिंग नका बघू, एका वर्गात मुलं किती आणि स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणारे खास शिक्षक, रोज असतात की आठवड्यातून एकदाच येतात ते विचारा. आणि दहावी कुठल्या बोर्डाची तेही! एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त शाळेचं बोर्ड) पाच विषयांत दहावी होते, ५ वर्षांत ९ संधी, जमेल तसे एकेक विषय देता येतात, माझ्या मुलाला तेच झेपलं.

पण लर्निंग डिसॅबिलिटीचं सर्टिफिकेट (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आधी काढा हो, मुंबईत असाल तर सायन हॉस्पिटलला होतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी धरलेली आहे, त्यामुळे एसएससीतच राहिलात तरी जादा वेळ, लेखनिक वगैरे सवलती मिळतात. सर्टिफिकेटला वेळ लागतो, म्हणून शाळा ठरायची वाट न बघता आधी हॉस्पिटलात नाव नोंदवा.