लग्नाच्या पत्रिका स्वतः हाताने कराव्यात का?

दुपारची_झोप (धागाकर्ती)
लग्न चार महिन्यांवर आलंय आणि पत्रिका घरीच करायच्या असं मी ठरवलंय. लिनोलियमच्या (लिनो, म्हणजे कोरता येईल अशा मऊसर तक्त्याच्या) तुकड्यावर नक्षी आणि मजकूर कोरायचा, रुळाने शाई लावायची, जाड कागदावर ठसा उमटवायचा. एकूण १५०. घरात दोन तट पडलेत. एकाला भारी कौतुक, दुसरा म्हणतो रिकामे उद्योग. माझ्या मते ज्यांनी यावं असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी दर पत्रिकेमागे दहा मिनिटं खर्च करणं काही जास्त नाही. बोला.

हिशेबी
१५० × १० = १५०० मिनिटं. म्हणजे २५ तास. यात कोरणं, वाळवणं, वाया गेलेले कागद आणि पाकिटांवरचे पत्ते धरलेले नाहीत. हे सगळं लग्नाआधीच्या धावपळीत! पत्रिकेचं काम एकच: कोणाचं, कुठे, कधी. ते छापील पत्रिका जास्त नीट करते.

कागदवेडी
गुणाकार बरोबर, गृहीतक चूक. पत्रिका माणशी लागत नाहीत, घरटी लागतात. यादी त्या हिशेबाने पुन्हा करा, आकडा बराच खाली येईल.
आता कामाचं. आधी पाकीट ठरवा, मग पत्रिका. ए५ कागद दुमडला की ए६ होतो आणि तो सी६ पाकिटात (११४ × १६२ मिमी) आरामात बसतो. उलटं केलंत तर पाकिटंही हातानेच करावी लागतील. ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) ए५ साधारण ९ ग्रॅम भरतो, टपालाच्या वजनाला त्यात पाकीट मिळवा.
आणि कागदाची धार बघा, म्हणजे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते. कागद दोन्हीकडून हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वाकेल त्या दिशेला घडी घाला. आडव्या धारेवर जाड कागद दुमडला की घडीवर तडे जातात, शाई असेल तर पांढरी रेघ उठते. घडीच्या जागी आधी बोथट टोकाने ओरखडा ओढायचा, मगच दुमडायचं. निम्मे लोक इथेच हरतात आणि दोष कागदाला देतात.

एकदा_केलंय
मी केल्या होत्या, म्हणून विरोधात मत देतोय. लिनोवर अक्षरं उलटी कोरायची असतात, हे पाठ होतं. पण ठशावर दीर्घ वेलांटी ऱ्हस्वासारखी दिसते, हे रात्री एक वाजता लक्षात राहत नाही. मला वाटलं चुकलं, म्हणून ‘सुधारली’. स्वतःचंच नाव अशुद्ध छापलं! तेलाची शाई होती, ती वाळायला काही दिवस लागले, तोवर घरातली प्रत्येक सपाट जागा अडलेली. शेवटचे दहा दिवस आम्ही दोघं फक्त शाईवरून भांडत होतो. पत्रिका सुंदर होत्या, हे मान्य.

कागदवेडी
म्हणून तर मजकूर कोरूच नये. नक्षी हाताने, मजकूर घरच्या प्रिंटरवर. फक्त इंकजेटची रंगद्रव्याची शाई घ्या. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, पाण्याच्या थेंबाने फुटते. आणि मजकूर आधी छापा, ठसा नंतर. ठसा बिघडला तर एक कागद जातो, ओला ठसा प्रिंटरमध्ये घातलात तर प्रिंटर जातो.

दुपारची_झोप
पण मग ती हाताने केलेली कशी? अर्धी तर यंत्रानेच झाली.

हिशेबी
कागद तुम्ही लगदा कुटून करणार होतात का? रेघ कुठेतरी ओढावीच लागते. वयस्कर पाहुण्यांना वेळ आणि पत्ता चष्म्याविना वाचता यावा, एवढी माझी रेघ.

आजीचा_चष्मा
हिशेबींना पूर्ण अनुमोदन. गेल्या वर्षी एक हस्तलिखित पत्रिका आली. वळणदार, देखणी. ५ आहे की ४ ते कळेना. फोन करून विचारलं, तर तिकडूनही ‘थांबा, बघून सांगतो’!

एकदा_केलंय
एक मात्र सांगायचं राहिलं. आमच्या त्या चुकलेल्या वेलांटीच्या पत्रिका दोघातिघांकडे अजून आहेत. मुद्दाम दाखवतात मेले.

दुपारची_झोप
ठरलं. मजकूर प्रिंटरवर, नक्षी माझी. यादी घरटी केली, ९० वर आली. आज चाचणीचे २० ठसे काढले. लिनो जरा उन्हात ठेवला तर मऊ पडून छान कोरला जातो, हा आजचा शोध. ७ ठसे अगदी सुरेख आले.

हिशेबी
२० पैकी ७. म्हणजे ९० पत्रिकांना २५८ कागद. गप्प बसतो.