९८.६ ला व्हीएनआयटी मिळेल का? सोसायटीच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

बी-३०४: नमस्कार. ग्रुपचा विषय नाही, अ‍ॅडमिन सांभाळून घ्या 🙏 आमच्या मुलीचा जेईई मेनचा जानेवारीचा निकाल आला. ९८.६. दहावीला ९६ टक्के होते, अकरावीतही वर्गात पहिली. आता बारावीचे पेपर चालू आहेत. कोणाकडे एवढ्यात इंजिनीअरिंगची अ‍ॅडमिशन झाली असेल तर सांगाल का, आयआयटीचे चान्स आहेत का? नाहीतर निदान आपलं नागपूरचं केंद्र सरकारी कॉलेज, व्हीएनआयटी? हिचे बाबा म्हणतात होऊन जाईल. मला काहीच कळून नाही राहिलं.

ए-१०१: अभिनंदन!! ९८.६ टक्के म्हणजे आमच्या वेळी पेपरात फोटो आला असता.

डी-२०३: काका, टक्के नाही, पर्सेंटाइल. १०० पोट्ट्यांत ९८ हिच्या मागे, असा त्याचा अर्थ. मार्क वेगळे, ते ३०० पैकी असतात.

ए-१०१: मग तर उत्तमच न. शंभरात पहिल्या दोघांत आहे पोरगी. व्हीआरसीई पक्की समजा.

डी-२०३: शंभर नाही न बसत काका, चौदा-पंधरा लाख बसतात 😄 आणि व्हीआरसीई आता व्हीएनआयटी झाली, २००२ पासून.

ए-१०१: माझ्यासाठी व्हीआरसीईच.

अ‍ॅडमिन: टँकर ४ वाजता येणार. बी विंगसमोरच्या दोन गाड्या कृपया हलवा.

सी-४०२: ताई, आमच्या मुलाचं हे सगळं मागच्या जूनमध्ये झालं, तेव्हा ताजं आहे. जानेवारीनंतर एनटीए, म्हणजे परीक्षा घेणारी संस्था, फक्त पर्सेंटाइल देते. रँक एप्रिलच्या परीक्षेनंतर येतो, आणि दोन्हींतला जो स्कोअर चांगला तो धरतात. तोवर अंदाज काढायचा तर शंभरातून ९८.६ वजा करा, उरले १.४. २०२५ मध्ये पावणेपंधरा लाखांच्या आसपास मुलं बसली होती. त्यांचे १.४ टक्के म्हणजे साडेवीस हजारांच्या जरा वर. तिथे आहे ती सध्या, सर्वसाधारण यादीत.

बी-३०४: वीस हजार?? 😟

सी-४०२: घाबरू नका. एप्रिलला ९९.३ झाले तर हाच रँक दहा हजारांवर येतो. पॉइंट सातचा फरक आहे, पण मध्ये दहा हजार पोरं उभी आहेत. एप्रिलला कमी पडले तर जानेवारीचे राहतातच, काही जात नाही. तेव्हा बसायचं की नाही हा प्रश्नच नाही, बसायचंच.

बी-१०२: पण पेपर वेगवेगळ्या शिफ्टमध्ये होतात, मग शिफ्टवर असतं न सगळं? माझ्या भाच्याला म्हणे सोपी शिफ्ट आली म्हणून नुकसान झालं.

सी-४०२: सोप्या शिफ्टमध्ये सगळ्यांनाच जास्त मार्क पडतात, म्हणून तर मार्क न धरता त्या शिफ्टमधल्या मुलांत आपण कितवे ते धरतात. प्रत्येक घरी एक भाचा असतो ज्याची शिफ्ट खराब निघाली 🙂

बी-१०२: 😐

ए-३०१: आयआयटी सोडूनच द्या मग. त्यांना ९९.९ लागतात.

सी-४०२: नाही हो, हे चूक आहे. आयआयटी मेनच्या रँकवर देतच नाहीत. मेनचे वरचे अडीच लाख आयआयटीच्या वेगळ्या परीक्षेला, अ‍ॅडव्हान्सला, बसू शकतात, आणि त्यासाठी खुल्या गटाचा कटऑफ २०२५ ला ९३.१ होता. म्हणजे ते दार हिच्यासाठी उघडलंच आहे. त्यापुढे मेनचा रँक कोणी विचारत नाही, अ‍ॅडव्हान्सला नव्याने सुरुवात. मेनला पंधरा हजारांत असलेली पोरं तिथे वर गेलेली मी पाहिली, आणि क्लासच्या बोर्डावर झळकणारी खाली आलेलीही पाहिली.

पण आकडेही ऐकून ठेवा. २०२५ ला अ‍ॅडव्हान्सला १ लाख ८० हजार बसले, ५४,३७८ पात्र ठरले, आणि २३ आयआयटींच्या मिळून जागा अठरा हजारांच्या थोड्या वर. दरवर्षी चौकाचौकांत 'अ‍ॅडव्हान्स पात्र' म्हणून फ्लेक्स लागतात, त्यातल्या ढोबळमानाने तीनपैकी दोघांना आयआयटीत जागाच नसते. मुंबईचं कॉम्प्युटर सायन्स तर खुल्या गटात पहिल्या सत्तर रँकांतच संपतं. ते मनातून काढा. आयआयटी मनातून काढू नका.

बी-३०४: आणि व्हीएनआयटी? घरून जाता येईल हो, माझा सगळा जीव तिथेच आहे.

सी-४०२: तिकडे येतो. आधी एक विचारू का, ग्रुपवर सांगायचं नसेल तर वेगळं सांगा. कॅटेगरी?

बी-३०४: त्यात लपवायचं काय. कुणबी, ओबीसी. नॉन क्रिमी लेयर काढलं आहे मागच्या वर्षी.

सी-४०२: ठीक. एका तासात लिहितो, ऑफिसात आहे.

ए-१०१: लोकल पोरगी आहे, नागपूरच्या कॉलेजात नागपूरकरांचा वाटा असेलच न? ते बुटीबोरीकडचं ट्रिपल आयटी पण आहे. तिथे पण?

डी-२०३: व्हीएनआयटीत अर्ध्या जागा महाराष्ट्राच्या, काका. अख्ख्या महाराष्ट्राच्या, नागपूरच्या नाही. ट्रिपल आयटीत तेही नाही, सगळ्या जागा देशभरातून भरतात. बुटीबोरीत राहिलं काय न कोहिमात राहिलं काय, सारखंच.

बी-१०२: आम्ही मोठ्याला दहावीनंतर कोटाला पाठवायचं म्हणून राहिलो. तिथे अकरावी-बारावी करेल, मग व्हीएनआयटीला येईल परत.

सी-४०२: बी-१०२ थांबा! मीटिंगमधून लिहून राहिलो पण हे आधी ऐका. व्हीएनआयटीसारख्या एनआयटींत होम स्टेट म्हणजे बारावी ज्या राज्यातून पास झाला ते राज्य. घर कुठे, डोमिसाइल कुठलं, आधार कुठलं, काही बघत नाहीत. बारावी राजस्थानातून केली तर तो राजस्थानचा. जयपूरच्या एनआयटीत त्याला होम स्टेट मिळेल आणि घरापासून चार किलोमीटरवरच्या व्हीएनआयटीत तो परराज्यातला ठरेल.

बी-१०२: काहीतरीच! आमचं तर तीन पिढ्यांपासून इथे महाल भागात घर आहे.

सी-४०२: तीन पिढ्यांचं ऐकत नाहीत. बारावीची मार्कशीट कुठली ते बघतात. कोटाला पाठवायचंच असेल तर बारावी इथल्याच कॉलेजातून करा.

बी-१०२: म्हणजे टाय-अप कॉलेज, हजेरी नसली तरी चालणारं?

अ‍ॅडमिन: या विषयावर कृपया ग्रुपवर नको.

बी-१०२: मग राज्याच्या कॉलेजात पण गेलं का सगळं?

डी-२०३: नाही. राज्याच्या अ‍ॅडमिशनला, म्हणजे कॅपला, पोराचं किंवा आईबापाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असलं तर दुसऱ्या टाइपमधून चालते. दोन ठिकाणी दोन कायदे, याच्यातच माणूस वेडा होते.

ए-२०४: सुप्रभात. आयुष्यात संधी दार ठोठावते तेव्हा 🌹🌹

अ‍ॅडमिन: ए-२०४, संध्याकाळ झाली.

सी-४०२: हं, आता बी-३०४. थोडं मोठं होणार आहे.

'९८.६ ला काय मिळते' असं कोणाला विचारू नका. जो उत्तर देईल तो त्याच्या पोराचं उत्तर देईल. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटते ती जोसा. तिच्या साइटवर मागच्या वर्षीचे ओपनिंग आणि क्लोजिंग रँक, म्हणजे पहिली आणि शेवटची जागा कोणत्या रँकला गेली ते असते, मोठा तक्ता आहे. त्यात आपली ओळ शोधायची. ओळ ठरते पाच गोष्टींनी: कॉलेज, शाखा, कोटा होम स्टेट की बाहेरचा, कॅटेगरी, आणि मुलींची जागा की सर्वांची. यातली एक चुकली की आकडा हजारोंनी हलतो.

इथे बरेच पालक पडतात ते सांगतो. ओबीसीच्या ओळीत जो क्लोजिंग रँक दिसतो तो ओबीसी रँक असतो, सर्वसाधारण नाही. मागच्या वर्षी आमच्या ओळखीत एकांनी पोराचा सर्वसाधारण रँक त्या ओळीत ताडून पाहिला, 'काहीच मिळत नाही' म्हणून घाबरून एका खाजगी कॉलेजात मॅनेजमेंटच्या जागेचे पैसे भरून मोकळे झाले. एप्रिलनंतर स्कोअरकार्डावर दोन्ही रँक छापून येतात. आपल्या ओळीला आपला रँक लावा.

तुमच्या मुलीची ओळ आहे: व्हीएनआयटी, होम स्टेट, ओबीसी, मुलींसाठीच्या जागा. एनआयटी-आयआयटीत मुलींचं प्रमाण निदान २० टक्के राहावं म्हणून २०१८ पासून जादा जागा आहेत, दुसऱ्या कोणाच्या कापलेल्या नाहीत. तिथला क्लोजिंग रँक बहुतेक शाखांत सैल असतो. मुलगी सर्वांच्या जागेतही धरली जाते आणि मुलींच्या जागेतही, वेगळं काही भरायचं नसतं.

माझं मत विचाराल तर व्हीएनआयटी मिळायला हरकत नाही. कोणती शाखा, हा प्रश्न आहे. तिथे कॉम्प्युटर आधी संपते, मग इलेक्ट्रॉनिक्स, मग इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल. सिव्हिल, मेटलर्जी, मायनिंग शेवटी. आजच्या स्कोअरवर कॉम्प्युटर धरून चालू नका. एप्रिलला ९९ च्या पुढे सरकली तर चित्र बदलेल.

ए-१०१: मायनिंगला नावं ठेवू नका. मी वेकोलित, कोळशाच्या सरकारी कंपनीत, उभी हयात काढली. वेकोलि, मॉइल, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, तिन्हींची मुख्यालयं याच गावात आहेत. नोकरीसाठी बंगळुरूला जाऊन ट्रॅफिकात बसायची गरज नाही.

बी-३०४: काका, मुलगी आहे हो, खाणीत कुठे...

ए-१०१: २०१९ पासून केंद्राने बायकांना जमिनीखालीही परवानगी दिली आहे, अटींसह. जमाना बदलला, बेटा.

ए-३०१: काकांचा पॉइंट बरोबर आहे, पण ज्या पोरीला गणित आवडते तिला 'सीट मिळते' म्हणून मायनिंगला टाकणं पण बरोबर नाही. व्हीएनआयटीचा शिक्का पाहिजे की चार वर्षं काय शिकायचं ते पाहिजे, हे आधी घरात ठरवा. माझ्या मते कोणत्याही शाखेसाठी एनआयटी पकडण्यापेक्षा पुण्याच्या सीओईपीला किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयला आवडीची शाखा चांगली.

डी-२०३: सहमत. आणि त्यासाठी राज्याची सीईटी पाहिजे. पीसीएम ग्रुपला २०० मार्क, निगेटिव्ह नाही, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे. जेईईवाली पोरं सीईटीला हलकं समजतात आणि वेळेत मार खातात. १८० मिनिटांत १५० प्रश्न आहेत बाप्पा. अकरावीचंही वीसेक टक्के येते.

सी-४०२: सीईटीचं पर्सेंटाइल वेगळं, जेईईचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला लावू नका. आणि कॅपमधला पसंतीक्रम जोसासारखा भरू नका. जोसात स्वप्नं वर लिहायची, काही बिघडत नाही. जागा मिळाली की फ्लोट करून वरच्याची वाट बघता येते. कॅपमध्ये २०२५-२६ पासून चार फेऱ्या आहेत, आणि पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती बंधनकारक. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळालं की तेच. तिथे 'बघू तरी' म्हणून एक नंबरवर काही टाकायचं नाही.

बी-३०४: फीचं पण टेन्शन आहे. यांचा पगार सगळ्यांना माहीतच आहे.

डी-२०३: ताई, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून गेलेल्या ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून राज्याने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. खाजगी कॉलेजातही. फक्त मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठांना नाही. आपल्याकडची काही जुनी कॉलेजं आता विद्यापीठ झाली आहेत, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी ते बघा.

बी-३०४: हे तर मला कोणीच नव्हतं सांगितलं.

सी-४०२: आणि ते मागच्या वर्षीचं नॉन क्रिमी लेयर जोसाला चालणार नाही. यंदाच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं, केंद्राच्या नमुन्यात. राज्याच्या कॅपला राज्याच्या नमुन्यातलं, शिवाय जात वैधता. ती आहे का?

बी-३०४: वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजने भरून घेतला होता. मिळालं की नाही ते बघावं लागेल.

सी-४०२: आजच बघा. मिळालं नसेल तर उद्या जात पडताळणी समितीत चक्कर मारा. जूनमध्ये तिथे पाय ठेवायला जागा नसते.

बी-३०४: मी मुलगी बोलून राहिली, आईच्या फोनवरून. सगळ्यांना थँक्यू. मला इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे, ते मी आईला दहा वेळा सांगितलं आहे. पेपर संपेपर्यंत लिफ्टमध्ये कोणी पर्सेंटाइल विचारू नका प्लीज. आणि सी-४०२ काका, दादाची अ‍ॅडव्हान्सची फिजिक्सची वही मिळेल का?

सी-४०२: वही आहे, अक्षर वाचता आलं तर. रात्री खाली ठेवतो वॉचमनकडे. आणि बोर्डाचे पेपर सोडू नको, एनआयटीला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलात यावं लागते.

बी-३०४: वैधतेची पावती सापडली, प्रमाणपत्र नाही. डी-२०३ भाऊ, समितीचं ऑफिस किती वाजता उघडते?

डी-२०३: साडेदहाला जाऊ ताई. मला पोराचं काढायचंच आहे, गाडी घेतो. पावती आणि तिच्या बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन्हींच्या मूळ प्रती घेऊन ठेवा.