मदत हवी आहे: ब्रिटिश म्युझियममधला उरचा पट घरी सहा-सात जणांत कसा खेळावा?

इराकमधल्या प्राचीन उर शहरात सापडलेल्या वीस घरांच्या पटाची नक्कल ए-४ कार्डशीटवर आखली आहे. खेळ दोघांचा, पण सुट्टीत घरी आजोबांपासून सात वर्षांच्या पोरापर्यंत सहा-सात जण असतील. अडचणी तीन. कोपऱ्यातल्या फुलापासून (फुलाची नक्षी असलेल्या घरापासून) सुरुवात केली की मधल्या ओळीतली टोकाची तीन घरं वापरातच येत नाहीत. चार कवड्या टाकल्या की शून्य फार पडतं. आणि डाव लवकर संपत नाही. विकतचे फासे नकोत.

पटकरी:
सुरुवात उलट होते आहे. पटाच्या तीन ओळी: मधली आठ घरांची दोघांची सामाईक, कडेची एकेकाची. तुमच्या बाजूला आधी चार घरं, मग दोन घरांची मोकळी जागा, मग दोन घरं. मोकळ्या जागेला लागून असलेलं चौथं घर म्हणजे तुमचं १ नंबर. तिथून कोपऱ्याकडे जायचं, कोपऱ्यातलं फूल ४ नंबर. मग मधल्या ओळीत वळून ५ ते १२, शेवटी परत आपल्या बाजूला १३ आणि १४. फुलं ४, ८ आणि १४ वर. फुलावर आलं की आणखी एक दान.

मारामारी फक्त मधल्या आठ घरांत. मेलेली सोंगटी पहिल्यापासून. ८ वरच्या फुलावरची मरत नाही. एका घरात आपल्या दोन सोंगट्या बसत नाहीत. पिकायला, म्हणजे पटाबाहेर पडायला, नेमकं दान लागतं: १४ वरून १, १३ वरून २. चाल शक्य असेल तर करावीच लागते.

घर साडेतीन सेंटिमीटरचं ठेवलंत तर लांबी २८ सेंटिमीटर होते आणि कॅरमच्या सोंगट्या बसतात. सात काळ्या, सात पांढऱ्या.

चिंचोके_चार:
कवडी पाठीला फुगीर, पोटाला चपटी. तिचं उताणं-पालथं पडणं निम्मं-निम्मं नसतं, म्हणून शून्य फार. मूळ फासे चार टोकांचे, त्यातली दोन टोकं खुणेची, म्हणजे प्रत्येक फाशाला खूण पडण्याची शक्यता बरोबर निम्मी. चिंचोके फोडून डाळी करा: आतली बाजू पांढरी, बाहेरची तपकिरी. प्रत्येक डाळ ५० वेळा टाकून बघा, पांढरं २० ते ३० च्या बाहेर गेलं तर ती बाद. अशा चार घ्या, जितक्या पांढऱ्या तितकं दान.

सोळा दानांत सरासरी २ सहा वेळा, १ आणि ३ चार-चार वेळा, ० आणि ४ एकेकदाच. म्हणून शत्रूच्या दोन घरं पुढे उभं राहणं सगळ्यात धोक्याचं, चार घरं पुढे बरंच निर्धास्त. पोरांना हे सांगितलं की खेळ नशिबाचा राहत नाही.

पटकरी:
वेळ वाचवायला सातऐवजी पाचच सोंगट्या घ्या. यात पाप नाही. पट इ.स.पू. २६०० ते २४०० च्या सुमाराचा, पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांच्या उत्खननातला. सोबत नियम मिळालेच नाहीत. प्राचीन मेसोपोटेमियाचे अभ्यासक आयर्विंग फिंकेल यांनी ते इ.स.पू. १७७ च्या बॅबिलोनियन मातीच्या पाटीवरून लावले, आणि त्या पाटीवरचा खेळही पाच सोंगट्यांचाच आहे. आज आपण खेळतो ती जुळवाजुळव आहे.

सहा जणांना दोन गट करा. दान ज्याचं, चाल त्याची. बाकीच्यांनी हवं तेवढं बोलावं, पण सोंगटीला हात त्याचाच. फुलाचं जादा दान गटातल्या पुढच्या माणसाला द्या, म्हणजे लहानगं कंटाळत नाही. सातवा पंच, पुढच्या डावाला तो आत. तीन गट मात्र करू नका, मधली ओळ तुंबते.

धागाकर्ता:
आभार. एक राहिलं: ८ वरची सोंगटी तिथेच बसवून ठेवता येते का?

चिंचोके_चार:
दुसऱ्या कुठल्याही सोंगटीची चाल होत असेल तोवर, हो. तीच एक चाल उरली तर उठावंच लागतं. म्हणून ८ वर ठाण मांडायचं असेल तर हातातल्या एक-दोन सोंगट्या पटावर न आणता राखून ठेवा.