काचेच्या विटांच्या शॉवर-भिंतीतील भेग आणि गळती

प्रश्न : शॉवरभोवतीची काचेच्या विटांची भिंत मी स्वतः बांधली. ती बाजूच्या भिंतीला जिथे भिडते, तिथल्या सांध्यात केसाएवढी उभी भेग पडली असून आंघोळीनंतर तळाशी बाहेर पाणी झिरपते. भेगेत पुन्हा सिमेंट भरले, तर पुरेल का?

उत्तर १ : कृपया तसे करू नका. गरम पाण्याने काच प्रसरण पावते आणि कडेचा सांधा ताठर सिमेंटने भरलेला असेल, तर तो ताण सामावायला जागाच उरत नाही. त्यामुळे नवे सिमेंटही त्याच रेषेत तडकेल. तो सांधा पूर्ण खरवडून नीट वाळू द्या, आत फोमची पट्टी बसवा आणि वरून बुरशीरोधक सिलिकॉन भरा. त्यानंतर किमान २४ तास पाणी लागू देऊ नका.

उत्तर २ : हे योग्यच आहे, पण आधी शॉवर न लावता मगाने फक्त जमिनीवर पाणी ओतून पाहा. तरीही बाहेर ओल आली, तर दोष बहुधा उंबरठ्याखालच्या जलरोधक थरात आहे, आणि मग फरशी उचलावीच लागेल.

प्रश्नकर्ता : ओतून पाहिले, बाहेर कोरडेच राहिले. भेगेतले सिमेंट मात्र नखाने टोकरताच भुग्यासारखे सुटले. उद्या सांधा खरवडायला घेतो.