मदत हवी आहे: पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कोळ्यावरचं वाचन आणि हस्तकला

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. पाऊस ओसरू लागला की आमच्या कुंपणावर जाळीच जाळी. जाळ्याच्या मधोमध फुलीसारखी जाड पांढरी नागमोडी नक्षी काढून बसणारा सिग्नेचर स्पायडर मुलं लांबून ओळखतात. झाडीत थोडं आत गेलं की जायंट वुड स्पायडरचं सोनेरी धाग्यांचं भलंमोठं जाळं. त्यातली मादी पाय पसरून तळहाताएवढी आणि नर इतका बारका, की मुलांना तो तिचं पिल्लूच वाटतो. हे सगळं दाराशी असताना आठवडाभर कोळी हाच विषय घ्यायचं ठरवलं आहे.

अडचण आधी वाचनाची. पहिलीची मुलं अजून जोडाक्षरांपर्यंत पोचलेली नाहीत. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, पण मला माहिती देणारा आणि तरीही सोपा मजकूर हवा आहे. सध्या मीच लिहिते आहे: 'कोळी बघा. पाय आठ. जाळे चिकट. माशी आली. माशी अडकली.' पुढे भिंतीवरचा उडी मारणारा कोळी आणायचा आहे, कारण तो शिकारीसाठी जाळं विणतच नाही. पिल्लांना पाठीवर घेऊन फिरणारी वुल्फ स्पायडरची मादीही हवी. कुणी असे तक्ते केले असतील तर दाखवा ना.

हस्तकलेबद्दल मात्र माझा आग्रह आहे. व्हिडिओंमध्ये एक काळा गोळा करून त्याला सगळीकडून पाय चिकटवतात. कोळ्याच्या शरीराचे भाग दोन. आठही पाय पुढच्या भागाला असतात, पोटाला एकही नसतो. रेशीम मात्र पोटाच्या टोकाकडून निघतं. मुलांच्या हातून घडलेलं त्यांच्या लक्षात राहतं, म्हणून ते बरोबरच घडायला हवं. चिंचोका आणि सुपारी जोडून बघितली, पण बारीक तारेचे पाय त्यावर टिकत नाहीत. इथे सहज मिळणारं दुसरं काय वापरता येईल?

जाळं खराट्याच्या हिरांचं करणार आहोत. मधून बाहेर जाणारे आडवे-उभे धागे कोरडे आणि त्यांवरून फिरणारा गोल धागा चिकट, हा फरक मुलांना बोटाने कळावा असं वाटतं. गोंद वाळतो, गुळाच्या पाण्याला मुंग्या लागतात. तास-दोन तास चिकट राहील आणि लहानांच्या हाताला चालेल असं काही माहीत आहे का?

शेवटचं पालकांचं. अंगावर फोड आले की 'कोळी फिरला' असं इथे सर्रास म्हणतात आणि मुलं कोळी दिसला की चपलेने मारतात. पावसाळ्यात दिव्यावर येणारा पेडेरस नावाचा बारीक भुंगेरा अंगावर चिरडला तरी असे फोड येतात, हे आजी-आजोबांना न दुखावता कसं सांगावं? कुणी पालकसभेत हा विषय काढला आहे का? मुलांनी कोळी हातात घेऊ नये, लांबूनच बघावा, हे मी सांगणारच आहे.

सोमवारपासून सुरुवात करायची आहे, त्यामुळे वाचन आणि चिकट धाग्याबद्दल आधी सुचवलंत तर फार मदत होईल.