फाउंड्रीवाल्याला मलिन्स-सेकेर्काचं गणित हवंच का?

भट्टीजवळचा:
अठरा वर्षं ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये आहे. मुलाखतीला येणारी पोरं डेंड्राइट (धातू गोठताना वाढणारा, झाडासारख्या फांद्यांचा स्फटिक) म्हटलं की फळ्यावर मलिन्स-सेकेर्काचं समीकरण मांडतात, म्हणजे गोठणारी सपाट सीमा कधी डगमगते त्याचं 1964 चं गणित. चिल (साच्यात उष्णता झटकन ओढून घेणारा धातूचा ठोकळा) कुठे लावशील विचारलं की गप्प. माझ्या मते 1953 सालचा टिलर, जॅक्सन, रटर आणि चामर्स यांचा निकष पुरे. मिश्रधातूतलं, घनात न मावलेलं सिलिकन घन-द्रव सीमेलगत साचतं, तिथला गोठणबिंदू खाली जातो. जरा पुढे तो पुन्हा वर. खरं तापमान तितक्या झपाट्याने चढलं नाही, तर पुढचा द्रव अतिशीत (गोठणबिंदूखाली जाऊनही द्रवच) आणि फांद्या फुटणार. आमच्याकडे रोजच फुटतात. यात 1964 चा पेपर कुठे अडतो?

वितळबिंदू:
मग शुद्ध धातूच्या अतिशीत रसात फांद्या का फुटतात? तिथे साचायला काहीच नाही. पुढे आलेला उंचवटा थंड द्रवात शिरतो, त्याची उष्णता लवकर निघते, तो आणखी वाढतो. उलट टोक जितकं अणकुचीदार, तितका पृष्ठताणामुळे तिथला वितळबिंदू उतरतो. या दोन्हींचा हिशेब लावल्यावरच किती रुंदीचा उंचवटा टिकेल ते कळतं. तुमचा निकष फक्त फुटेल की नाही एवढंच सांगतो. फांद्यांमधलं अंतर कमी असेल तर इलाँगेशन (तुटण्याआधी धातू किती ताणला जातो ते) सुधारतं, ते तर तुम्हाला हवंच ना?

भट्टीजवळचा:
शुद्ध धातू ओततो कोण, साहेब! आणि हे सिद्धांत तपासायला सक्सिनोनायट्राइल (धातूसारखा गोठणारा पारदर्शक पदार्थ) 1994 मध्ये कोलंबिया यानातून वर न्यावं लागलं, कारण इथे गुरुत्वामुळे द्रवात प्रवाह उठतात. माझ्या साच्यात रस ओतल्यापासून नुसता खळबळत असतो.

सूक्ष्मदर्शी:
दोघांचंही थोडं चुकतंय. वितळबिंदू, कास्टिंग कापून आपण मोजतो ते दुय्यम (मुख्य फांदीला फुटलेल्या) फांद्यांमधलं अंतर पहिल्या डगमगीतून आलेलं नसतं. गोठता गोठता बारीक फांद्या विरघळतात, जाड होतात त्या उरतात. म्हणून ते अंतर साधारण गोठण्याच्या वेळेच्या घनमुळाच्या प्रमाणात असतं. अंतर निम्मं हवं तर वेळ एक-अष्टमांश करा. म्हणजे चिलच. (कारण मात्र तोच पृष्ठताण, तो काही सुटत नाही.)

भट्टीजवळचे, तुमच्या निकषानुसार वेग वाढला की सीमा जास्तच बिघडायला हवी. मलिन्स-सेकेर्का उलटं सांगतात: एका मर्यादेपलीकडे पृष्ठताण वरचढ होतो आणि सीमा पुन्हा सपाट होते. तुमच्या निकषात पृष्ठताणच नाही, मग हे निघणार कुठून?

भट्टीजवळचा:
चिलचं मान्य, ते तर आमचे ओतारी समीकरणाशिवाय करत आलेत. वेगाचं मात्र पचत नाही. आमचं प्रेशर डाय-कास्टिंग पाहा, भिंत तीन मिलिमीटरची, क्षणात गोठते. तरी मायक्रोस्कोपखाली फांद्याच फांद्या!

सूक्ष्मदर्शी:
दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर, सेकंदाच्या आसपास. म्हणजे सीमेचा वेग सेकंदाला मिलिमीटरांतच. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंत ती मर्यादा सेकंदाला मीटरच्या घरात आहे. हजारपटीचा फरक.

वितळबिंदू:
दुय्यम फांद्यांचं मी चुकलो, मान्य. पण लेझरने पृष्ठभाग वितळवायचं काम उद्या तुमच्याकडे आलं, जिथे सीमा तेवढा वेग गाठू शकते, तर त्या फळ्यावरच्या पोराला परत बोलवा.

भट्टीजवळचा:
बोलावतो. आधी चिल लावायला शिकू दे.