मुलाला आयटीपी आहे, रिटुक्सिमॅब दिलं तर प्रतिकारशक्ती जाते का?

भांडुपची_आई
नमस्कार, माझा मुलगा ७ वर्षांचा, दीड वर्ष झालं आयटीपी आहे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होण्याचा आजार. प्लेटलेट कधी १२ हजार कधी ४० हजार, पायांवर काळेनिळे डाग, मधेच नाकातून रक्त. स्टेरॉइड दिलं की चढतात बंद केलं की खाली, आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडी) पण दोनदा झालं, तीन आठवडे बरं मग पुन्हा तेच. आता डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणतायत, त्याने अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच काही महिने नाहीशा होतात म्हणे. ऐकल्यापासून झोप नाही मला. पावसाळा तोंडावर आलाय, वर्गात निम्मी पोरं शिंकतायत, कोणी दिलंय का हे मुलांना?

दादरकर_मम्मी
ताई आम्ही दिलं, लेक तेव्हा ९ वर्षांची होती. आठवड्याला एक असे चार डोस, पहिल्याला थंडी वाजून ताप भरला, ड्रिप हळू केली मग निभावलं. प्लेटलेट चढायला पाच आठवडे लागले, तोवर जीव टांगणीला. शाळा चालूच ठेवली, सर्दी-खोकला जरा जास्त झाला पण ॲडमिट नाही करावं लागलं. खरं सांगते, १४ महिन्यांनी पुन्हा उतरल्या, पण तेवढं वर्ष ती मनसोक्त खेळली.

गिरगावातला_बालरोगतज्ज्ञ
सगळी प्रतिकारशक्ती जात नाही हो. आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटवर अँटिबॉडी चिकटवतं आणि प्लीहेतल्या पेशी त्या प्लेटलेट गिळतात. आयव्हीआयजी त्या गिळणाऱ्या पेशींना अडकवून ठेवतं, म्हणून असर लवकर आणि थोडेच दिवस. रिटुक्सिमॅब बी पेशींवरची, म्हणजे ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्यांच्यावरची, सीडी२० ही खूण धरून त्यांना मारतं, त्या परत यायला साधारण ६ ते १२ महिने. पण जुन्या लसींच्या अँटिबॉडी ज्या प्लाझ्मा पेशी बनवतात त्यांच्यावर ही खूण नसते, त्यामुळे त्या बऱ्याचशा टिकतात, संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशीही असतातच. अडचण नव्या लसींची, त्या काळात त्या नीट लागत नाहीत. म्हणून फ्लू, न्यूमोकोकल वगैरे जमलं तर औषधाच्या २ ते ४ आठवडे आधी उरकून घ्या. हेपॅटायटिस बीची तपासणी आधी झालीच पाहिजे, लपलेला असेल तर उसळतो. इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची, पातळी पण आधी बघून ठेवा, काही मुलांत ती नंतर बराच काळ कमी राहते. आणि ताप आला तर घरी थांबू नका, आयबुप्रोफेन तर अजिबात नको, पावसाळ्यात डेंग्यूनेही प्लेटलेट पडतात.

भांडुपची_आई
खूप आभार डॉक्टर. लसीचं कार्ड काढलं, कांजिण्यांचा दुसरा डोस राहिलाय, आणि शेवटचं आयव्हीआयजी मार्चमध्ये झालं. आता देऊन टाकू का?

गिरगावातला_बालरोगतज्ज्ञ
नको. ती जिवंत (कमजोर केलेल्या विषाणूची) लस आहे, आयव्हीआयजीनंतर ८ ते ११ महिने नीट काम करत नाही आणि रिटुक्सिमॅबच्या तोंडावर तर द्यायचीच नाही. धाकट्या भावंडाचे, तुमचे राहिलेले डोस मात्र पूर्ण करा. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या कळलं तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन करा, पुरळ यायची वाट बघू नका.

भांडुपची_आई
धाकटीचा एक राहिलाय, उद्याच नेते.